निळ्याचा हट्ट

इंग्लंडमधला फुटबॉलचा हंगाम मे महिन्यात संपतो आणि ऑगस्टमध्ये नवा सुरू होतो. पुढच्या हंगामाच्या जर्सीची चर्चा मात्र त्याच्या कितीतरी आधी, ऐन हिवाळ्यातच रंगात आलेली असते. कुठल्याशा गोदामातून एक धूसर फोटो बाहेर येतो. त्यात धड शर्टही दिसत नसतो. कॉलरचा कोपरा, बाहीची पट्टी, फार तर छातीवरच्या चिन्हाची कड. एवढ्या भांडवलावर पबमध्ये आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये आठवडेच्या आठवडे खल चालतो. लाल जरा जास्तच गडद वाटतोय का? पट्टे रुंद केलेत की काय? खांद्यावर ती जाळी कशासाठी? या वेळी म्हणे कापडच नवं आहे, घाम अंगावर टिकतच नाही!

बाहेरच्या माणसाला हा रिकामटेकडेपणा वाटतो. पण या गप्पा नीट ऐकल्या तर त्यांत दोन अगदी वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले सापडतात. ही जर्सी काय करील, हा पहिला. ही जर्सी आपली असेल ना, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळू शकतं. दुसऱ्यावर जगातल्या बहुतेक धर्मांनी डोकं खपवलं आहे: बाहेरचं सगळं बदलत असताना आत टिकून राहतं ते नेमकं काय, आणि ते बदलण्याचा हक्क कुणाचा?

पहिला प्रश्न आधी निकालात काढू, कारण तो सोपा आहे.

दुकानात एकाच जर्सीच्या दोन आवृत्त्या शेजारीशेजारी टांगलेल्या असतात. एक खेळाडू घालतात तशी, दुसरी पाठीराख्यांसाठी. खेळाडूंच्या जर्सीवरचं चिन्ह उष्णतेने चिकटवलेलं असतं, म्हणजे वजन कमी आणि छातीला काही टोचत नाही. पाठीराख्यांच्या जर्सीवर ते बहुधा भरतकामाचं असतं. पहिलीची वीण पाठीवर आणि काखेत विरळ, कारण घाम तिथे जास्त येतो. अंगाला ती घट्ट बसते आणि चाळिशीतल्या पोटाला अजिबात दयामाया दाखवत नाही. २०२४ च्या युरो स्पर्धेसाठी नायकीने इंग्लंडची जर्सी काढली तेव्हा खेळाडूंच्या प्रतीची किंमत १२४.९९ पाउंड होती आणि साध्या प्रतीची ८४.९९. मधल्या चाळीस पाउंडांत गिऱ्हाईक काय विकत घेतं? पॉलिएस्टरचा धागा पाणी पीत नाही. सुती बनियन घामाने चिंब होऊन अंगाला चिकटतं. पॉलिएस्टरच्या विणीतल्या बारीक फटींतून घाम बाहेरच्या बाजूला ओढला जातो, पसरतो आणि उडून जातो. हे खरं आहे आणि उपयोगाचंही आहे. पण त्याने गोल होत नाहीत, आणि गॅलरीत बसून ओरडणाऱ्याला तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

कपड्याने खेळच बदलल्याचं खरं उदाहरण पोहण्यात आहे. २००८ मध्ये स्पीडोचा एलझेडआर हा पोशाख आला, पाठोपाठ इतर कंपन्यांचे पॉलियुरेथेनचे पोशाख आले, आणि २००९ च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले. जिंकलं कोण, माणूस की कापड, असा प्रश्न उभा राहिला आणि जागतिक संघटनेने १ जानेवारी २०१० पासून असे पोशाख बंद केले. फुटबॉलमध्ये अशी पाळी कधी आलीच नाही. फिफाने पोशाखावरून शिक्षा केली ती कॅमेरूनला, २००४ मध्ये, शर्ट आणि चड्डी एकसंध शिवली म्हणून. विश्वचषक पात्रतेचे सहा गुण कापले आणि पुढे ते परतही दिले. कापा या कंपनीने इटलीसाठी २००० साली अंगाला चिकटणारी, ताणली जाणारी जर्सी काढली, त्यामागची कल्पना चतुर होती: प्रतिस्पर्ध्याने शर्ट ओढला तर तो इतका ताणला जावा की पंचाला लांबूनही दिसावं. इटली त्या युरोच्या अंतिम फेरीत पोचली आणि फ्रान्सकडून हरली. मग २०१६ च्या युरोमध्ये, लील शहरात, स्वित्झर्लंडचे खेळाडू फ्रान्सविरुद्ध पूमाच्या नव्या तंत्राच्या जर्सीत उतरले. आतून पट्ट्या होत्या, त्या म्हणे स्नायूंना हलका मसाज देणार होत्या. सामन्यात एकामागून एक शर्ट टराटरा फाटले. ग्रानिट झाकाने तर दोन फाडले. पूमाने नंतर खुलासा केला की एका खेपेतला धागा उत्पादनात खराब झाला होता. सामना ०–० सुटला. मसाजचा परिणाम काय झाला याबद्दल नंतर कुणी चौकशी केल्याचं ऐकिवात नाही.

आता १३ एप्रिल १९९६. साउदम्प्टनच्या ‘द डेल’ मैदानावर मँचेस्टर युनायटेड करड्या जर्सीत खेळत होती आणि मध्यंतराला ०–३ अशी पिछाडीवर होती. अॅलेक्स फर्ग्युसन या प्रशिक्षकांनी ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना कपडे बदलायला लावले. दुसऱ्या सत्रात संघ निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत बाहेर आला, एक गोल केला आणि १–३ हरला. फर्ग्युसन यांचं म्हणणं असं की करड्या रंगात खेळाडूंना आपलेच साथीदार गर्दीच्या पार्श्वभूमीवर दिसत नव्हते. ही कारणमीमांसा झाली. तपासून पाहता येईल अशी. पण करड्या जर्सीने तोवर पाच सामन्यांत चार पराभव आणि एक बरोबरी दिली होती, त्यामुळे पाठीराख्यांनी तिची साधी वर्गवारी करून टाकली होती: पनवती. क्लबने ती जर्सी पुन्हा कधी घातली नाही. त्याच हंगामात लीग आणि एफए कप दोन्ही युनायटेडने जिंकले.

महाराष्ट्रात श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांच्यातली रेघ कुठे ओढायची यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले आहेत, तेव्हा मराठी वाचकाला इथे एक फरक चटकन दिसावा. करडी जर्सी पनवती आहे, नव्या कापडाने संघ पळत सुटेल, लाल रंग शुभ असतो, ही सगळी कार्यकारणाची विधानं आहेत. अमुक केलं की तमुक होईल. ती खरी ठरतील वा खोटी, पण त्यांची परीक्षा घेता येते. लाल रंगाची तर रीतसर घेतलीही गेली. रसेल हिल आणि रॉबर्ट बार्टन या दोन संशोधकांनी २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधल्या बॉक्सिंग, तायक्वांदो आणि कुस्तीच्या लढती तपासल्या. तिथे लाल की निळा हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं, खेळाडूच्या हातात नसतं. लाल पोशाखातले स्पर्धक सुमारे ५५ टक्के लढती जिंकले होते. हा शोधनिबंध २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला आणि गाजला, पण पुढच्या अभ्यासांत हा फरक तितका ठसठशीत दिसला नाही. म्हणजे वाद चालू आहे, आणि तो पुराव्याने मिटू शकतो.

‘आपला रंग निळा’ हे विधान त्या जातीचं नाहीच. निळा घातला तर जिंकू असं ते म्हणत नाही. हरलो तरी निळ्यातच हरू, असं म्हणतं. त्याची परीक्षा कुठल्या प्रयोगशाळेत घेणार?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याचा दृष्टान्त मराठी घरांत बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. कपडा बदलतो, नेसणारा तोच राहतो; तसाच देह बदलतो, आत्मा तोच. फुटबॉलचा पाठीराखा हा दृष्टान्त उलटा करून जगतो. त्याच्या क्लबात नेसणारेच सारखे बदलतात. दहा वर्षांत अकराच्या अकरा खेळाडू जातात, प्रशिक्षक तर त्याहून वेगाने. मालक बदलतो, मैदान बदलतं, शतकभराच्या क्लबात तर पाठीराख्यांच्याही चार पिढ्या सरून गेलेल्या असतात. उरतो तो फक्त रंग. म्हणजे इथे वस्त्रच आत्म्याच्या जागी बसलं आहे. आणि नेमकं तेच वस्त्र कंपनी दरवर्षी नव्याने शिवून विकते. पाठीराख्याची हिवाळ्यातली अस्वस्थता इथून येते.

ग्रीक राजा मिनँडर आणि भिक्खू नागसेन यांच्यातल्या ‘मिलिंदपञ्हा’ या पाली संवादात एक प्रश्न आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच की वेगळी? नागसेनांचा कौल असा की ना धड तीच, ना धड दुसरी. जळण्याचा क्रम तुटला नाही, एवढंच म्हणता येतं. क्लबालाही हे उत्तर चपखल बसतं. पण त्यातून पुढचा प्रश्न निघतो, आणि तो अधिक अवघड आहे. क्रम तुटला की नाही, हे ठरवायचं कुणी?

याचं सर्वांत स्पष्ट उत्तर पुरीत सापडतं. जगन्नाथाची मूर्ती दगडाची नाही, कडुनिंबाच्या लाकडाची आहे, आणि लाकूड जुनं होतं. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी नवकलेवर होतो. जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन यांचे देह नव्याने घडवले जातात. गेल्या वेळी हे २०१५ मध्ये झालं, त्याआधी १९९६ मध्ये. जुन्या मूर्तीतला ‘ब्रह्मपदार्थ’ नव्या मूर्तीत ठेवायचा विधी मध्यरात्री होतो. करणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी असते, हात कापडाने गुंडाळलेले असतात. तो पदार्थ काय आहे हे कुणी पाहिलेलं नाही, पाहायचंही नाही. २०१५ मध्ये हा विधी रात्री पुरा न होता दुसऱ्या दिवसापर्यंत लांबला तेव्हा ओडिशात केवढा गदारोळ उठला! पण या साऱ्यात लक्ष द्यावं अशी गोष्ट निराळीच आहे. हा बदल करण्याचा अधिकार राजाला नाही, सरकारला नाही, पंडितांनाही नाही. तो दैतापती नावाच्या सेवकांकडे वंशपरंपरेने आहे, आणि ते देवाचे नातलग मानले जातात. जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातच पुरल्या जातात, आणि मग दैतापती घरातलं माणूस गेल्यासारखं सुतक पाळतात.

देवाचं शरीरसुद्धा बदलता येतं, पण ज्याला त्याचं सुतक लागतं त्याने ते बदलायचं असतं. जर्सीचे बहुतेक सगळे तंटे या एका कसोटीवर उलगडतात.

वेल्सच्या राजधानीतला कार्डिफ सिटी हा क्लब निळ्या रंगाचा. टोपणनाव ‘ब्लूबर्ड्स’. २०१० मध्ये मलेशियन गुंतवणूकदार आले आणि क्लबची सूत्रं व्हिन्सेंट टॅन या उद्योगपतीच्या हाती गेली. २०१२ च्या मे महिन्यात बातमी फुटली की जर्सी लाल होणार. आशियाच्या बाजारात लाल खपतो, शिवाय लाल शुभ. वेल्सच्या झेंड्यावरचा ड्रॅगनही लालच, तेव्हा स्थानिक भावनेलाही काही बाध येत नाही, असा त्यामागचा हिशेब. पाठीराखे खवळले, आणि मालकांनी बेत मागे घेतला. जूनमध्ये तोच बेत परत आला, या वेळी सोबत मोठ्या गुंतवणुकीचं आश्वासन घेऊन: कर्जाची तजवीज, सराव-मैदान, स्टेडियमचा विस्तार. घरची जर्सी लाल झाली. छातीवर मोठा ड्रॅगन बसला आणि निळा पक्षी आक्रसून त्याच्या पायाशी गेला.

इथवरची गोष्ट दुष्ट मालक आणि बिचारे भक्त अशी सांगता येते, आणि बहुतेक वेळा तशीच सांगितली जाते. ती अपुरी आहे. त्या जूनमध्ये सगळे कार्डिफकर रस्त्यावर आले नव्हते. पुष्कळांनी मान खाली घालून हिशेब मांडला: क्लब कर्जात आहे, पैसा टॅनकडे आहे, रंग गेला तर गेला. हा सरळसरळ नवस होता. आणि नवस फळला! २०१२–१३ मध्ये लाल कार्डिफने दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद पटकावलं आणि ५१ वर्षांनी क्लब इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत पोचला. लाल रंग शुभ असतो या दाव्याला यापेक्षा चांगला पुरावा कुठून आणायचा? पुढच्याच हंगामात संघ तळाशी राहून खाली घसरला, म्हणजे पुराव्याने दोन्हीकडून साक्ष दिली.

निळ्याचा हट्ट या काळात मैदानाबाहेर जगत होता. खेळाडू लाल, गॅलरीतले कितीतरी गळे निळ्या स्कार्फात. स्वतःच्याच संघाचा जयजयकार करताना स्वतःच्याच संघाच्या विरुद्ध रंग घालणारे भक्त हे दृश्य फुटबॉलमध्ये विरळा. दर आठवड्याला देवळात जावं, पण नवी मूर्ती आपली मानू नये, अशातला हा प्रकार. त्यांचे मोर्चे निघाले, हंगामी तिकिटं घेऊ नका असंही काहींनी ठरवलं.

जानेवारी २०१५ मध्ये टॅन यांनी माघार घेतली. क्लबच्या निवेदनात त्यांनी जे कारण दिलं ते कुठल्याही बाजार-सल्लागाराला सुचलं नसतं. त्यांची आई निष्ठावंत बौद्ध. तिने त्यांना जेवताना एकोप्याचं, सलोख्याचं आणि आनंदाचं मोल समजावलं, असं त्यात म्हटलं होतं. घरची जर्सी पुन्हा निळी झाली, लाल रंग बाहेरगावच्या सामन्यांपुरता उरला. पहिल्याच निळ्या सामन्यात, १० जानेवारीला, कार्डिफने फुलहॅमला १–० हरवलं. नव्या चिन्हात निळा पक्षी पुन्हा मोठा झाला. ड्रॅगन गेला नाही, तोही छोटा होऊन खाली राहिला. देवळांच्या इतिहासात असे समझोते नवे नाहीत. जुन्या देवाच्या पायाशी नव्याला जागा मिळते किंवा उलट.

पण मग हा निळा तरी सनातन होता का? मुळीच नाही. १८९९ मध्ये रिव्हरसाइड या नावाने हा क्लब सुरू झाला तेव्हा त्याचे रंग चॉकलेटी आणि अंबरपिवळा होते. १९०८ च्या सुमारास नाव बदललं आणि निळा आला. आणि ‘ब्लूबर्ड’? मॉरिस मेटरलिंक या बेल्जियन नाटककाराचं ‘द ब्लू बर्ड’ हे नाटक १९११ मध्ये कार्डिफमध्ये लागलं होतं, त्यावरून हे टोपणनाव पडलं असं सांगतात. ब्लूबर्ड हा अमेरिकेतला पक्षी. वेल्सच्या आभाळात तो उडत नाही. ज्या पक्ष्यासाठी कार्डिफकर मोर्चे काढत होते, तो त्यांच्यापैकी कुणी आपल्या परसात पाहिलेला नव्हता.

एमील द्यूर्केम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाला याचं नवल वाटलं नसतं. १९१२ च्या आपल्या ग्रंथात त्याने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कुळांच्या टोटेमांचा विचार केला आणि एक विलक्षण गोष्ट टिपली. ज्या प्राण्याच्या नावाने कूळ ओळखलं जातं, त्या प्राण्यापेक्षा त्याचं कोरलेलं चिन्ह अधिक पवित्र मानलं जातं. कारण चिन्हात कूळ स्वतःलाच पाहत असतं. द्यूर्केमच्या सगळ्याच निष्कर्षांशी नंतरचे अभ्यासक सहमत नाहीत, आणि देव म्हणजे निव्वळ समाज असं म्हणणं श्रद्धावंताला पटणारही नाही. पण जर्सीपुरता त्याचा शब्द खरा धरायला हरकत नाही. पक्षी खोटा असला तरी त्याच्याभोवती शंभर वर्षं जमलेली माणसं खरी आहेत.

मग जर्सीवर खऱ्याखुऱ्या धर्माचं चिन्ह असलं तर? मार्च २०२४ मध्ये इंग्लंडच्या त्याच महागड्या जर्सीच्या कॉलरमागे संत जॉर्जचा क्रॉस नायकीने लालऐवजी निळ्या-जांभळ्या छटांत छापला. बोटाच्या पेराएवढं चिन्ह, तेही मानेमागे. पण पंतप्रधान ऋषी सुनक आणि विरोधी पक्षनेते किअर स्टार्मर या दोघांनीही त्यावर नापसंती नोंदवली. कंपनीचा खुलासा असा की १९६६ च्या विश्वविजेत्या संघाच्या सरावाच्या कपड्यांवरून हे रंग घेतले आहेत. म्हणजे एका पवित्र वस्तूत केलेल्या ढवळाढवळीचं समर्थन दुसऱ्या पवित्र वस्तूचा दाखला देऊन! संत जॉर्ज स्वतः कधी इंग्लंडला गेल्याचा पुरावा नाही, हे जाता जाता.

इंटर मिलानने शताब्दीच्या निमित्ताने २००७ मध्ये पांढऱ्या शर्टावर मोठा लाल क्रॉस घातला. तो मिलान शहराचा जुना मानबिंदू. तुर्कस्तानच्या फेनरबाहचेविरुद्धच्या सामन्यात तो शर्ट दिसल्यावर एका तुर्की वकिलाला त्यात धर्मयुद्धं दिसली आणि त्याने तक्रार केली. रिआल माद्रिदने २०१७ मध्ये आखातातल्या एका विक्रेत्याशी करार करताना तिथल्या कपड्यांपुरता मुकुटावरचा इवलासा क्रॉस काढून टाकायला मान्यता दिली. इंटरला जो क्रॉस शहराचा वाटत होता तो दुसऱ्याला धर्माचा दिसला. माद्रिदला तो व्यापारात अडचणीचा वाटला. तिघांचंही बोट एकाच आकारावर. श्रद्धावान खेळाडूंनी मात्र जर्सीवरच्या नावांना हरकत घेतली आहे. सेव्हियाकडून खेळणाऱ्या फ्रेडरिक कनूटेने २००६ मध्ये जुगाराच्या कंपनीचं नाव छातीवर मिरवायला नकार दिला. २०१३ मध्ये न्यूकॅसलच्या पापिस सिसेला वाँगा या चढ्या व्याजाने कर्ज देणाऱ्या कंपनीची जर्सी इस्लाममधल्या व्याजबंदीमुळे नको होती. काही आठवड्यांनी तो ती घालायला तयार झाला. आणि ग्लासगोत, जिथे सेल्टिक कॅथलिकांचा आणि रेंजर्स प्रोटेस्टंटांचा मानला जातो, तिथे बिअरच्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं दोन्ही संघांना एकाच वेळी प्रायोजित केलं. एकाच संघाच्या छातीवर नाव लावलं की अर्धं शहर तो माल घ्यायचं सोडून देईल, ही भीती. बिअरला पंथ परवडत नाही.

बाजार या श्रद्धेवर पोसला जातो हे उघड आहे. वर्षाला घरची, बाहेरची आणि तिसरी अशा तीन जर्सी निघतात, आणि दहा वर्षांच्या पोराला ती नवीच हवी असते. तंत्रज्ञानाची भाषा इथे कामाला येते. रंग तर बदलता येत नाही, मग जुन्याच रंगाची जर्सी पुन्हा घ्यायला कारण काय सांगायचं? तर कापड नवं आहे. बार्सिलोनाने शंभराहून अधिक वर्षं छातीवर जाहिरात घेतली नव्हती. २००६ मध्ये युनिसेफचं नाव आलं, तेही क्लबने स्वतः पैसे देऊन. २०११ मध्ये कतार फाउंडेशन आलं, मग विमान कंपनी, मग इतर. सोवळं एकदम सुटत नाही, पदरापदराने सुटतं. पूमाने २०२१ मध्ये आपल्या अनेक क्लबांच्या तिसऱ्या जर्सीवरून छातीवरचं नेहमीचं चिन्हच काढलं आणि तिथे क्लबचं नाव छापलं, तेव्हा डॉर्टमुंडच्या पाठीराख्यांनी मैदानात इतका आवाज केला की कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. नव्या कापडाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

ही श्रद्धा जाहिरातीने निर्माण करता येते, असं काही मालकांना वाटतं. ती तशी येत नाही, याचा पुणेकरांना अनुभव आहे. २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षं आयपीएलमध्ये ‘रायझिंग पुणे सुपरजायंट’ हा संघ होता. पहिल्या वर्षी धोनी कर्णधार, दुसऱ्या वर्षी स्मिथ; २०१७ चा अंतिम सामना संघ मुंबईकडून एका धावेने हरला. मग तो विसर्जित झाला. त्याच्या जांभळ्या जर्सीचं सुतक पुण्यात कुणाला लागलं? आज ती कुणाच्या कपाटात असेल तर फारतर जुना टी-शर्ट म्हणून असेल.

त्या संघाचे मालक, संजीव गोएंका यांचा उद्योगसमूह, कोलकात्यात एटीके या फुटबॉल संघाचेही मालक होते. २०१४ मध्ये जन्मलेल्या, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या या संघाने सहा वर्षांत तीनदा इंडियन सुपर लीग जिंकली. २०२० मध्ये समूहाने १८८९ मध्ये स्थापन झालेल्या मोहन बागानच्या फुटबॉलचा मोठा हिस्सा घेतला आणि दोन्ही संघ एक केले. हा तोच मोहन बागान, ज्याच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ हरवून आयएफए शील्ड जिंकली होती. हिरवा आणि मरून रंग शाबूत राहिला, बोधचिन्हावरची होडीही राहिली; पण नाव झालं ‘एटीके मोहन बागान’. तीन विजेतेपदांचा लाल-पांढरा रंग रातोरात गेला आणि त्यासाठी रस्त्यावर कुणी आलं नाही. नावापुढे लागलेल्या तीन अक्षरांसाठी मात्र तीन वर्षं आंदोलन चाललं. एटीके काढा, एवढीच मागणी.

१८ मार्च २०२३ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर या संघाने बंगळुरूला पेनल्टीवर हरवून सुपर लीगचा चषक जिंकला. गोएंका यांनी तिथेच जाहीर केलं की एटीके ही अक्षरं जातील. जूनपासून क्लबचं नाव ‘मोहन बागान सुपर जायंट’ झालं. त्याच्या काही दिवस आधी, २० मे रोजी, गोएंका यांचाच लखनौचा क्रिकेट संघ ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध हिरव्या-मरून जर्सीत उतरला होता, बागानच्या सन्मानार्थ. मालकाने क्लबला रंग द्यायचा की क्लबकडून मागून घ्यायचा, याचा निकाल तिथे लागला. आता नावामागे ‘सुपर जायंट’ हे पुण्याच्या ओळखीचं शेपूट तेवढं उरलं आहे. गोएंका यांनी तेही काढून टाकावं.